रिकामा सेल म्हणजे शून्य नव्हे

(हिंगोली येथे युवा कार्यकर्त्यांच्या शिबिरात सर्वेक्षणाच्या कामाविषयी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मी मूळची वसमतची. नांदेडला इंजिनीअरिंग केलं आणि गेली दहा-बारा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. आज मी फार मोठ्या विषयावर बोलणार नाही. तुमच्यापैकी अनेक जण मोहल्ल्यांत फिरून सर्वेक्षण करता आणि ती माहिती एक्सेलमध्ये भरता. काही जण मॅक्रोही लिहायला लागले आहेत, म्हणजे एक्सेलला आपोआप काम करायला लावणारा छोटा प्रोग्रॅम. अशाच एका मॅक्रोत मी चूक केली होती. ती माझीच चूक होती. तुमच्याकडून ती होऊ नये म्हणून सांगते.

२०२३ सालची गोष्ट आहे. केंद्र सरकारची अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आधी पहिलीपासून दहावीपर्यंत मिळायची. २०२२-२३ पासून ती फक्त नववी-दहावीपुरती राहिली. आठवीपर्यंतचं शिक्षण शिक्षण हक्क कायद्यानुसार मोफतच आहे, असं कारण दिलं गेलं. आमच्या गावातल्या मुलामुलींनी ठरवलं, की नववी-दहावीतल्या किती मुलांना रक्कम मिळाली आणि किती जणांची अडकली, याची घरोघर जाऊन नोंद करायची. फॉर्म साधा होता: नाव, इयत्ता, शाळा आणि शेवटी 'मिळालेली शिष्यवृत्ती, रुपये'. फॉर्म भरून आले, एक्सेलमध्ये चढवले गेले आणि फाइल मला मेलवर आली. "ताई, ज्यांना मिळाली नाही त्यांची यादी काढून द्या."

मी ऑफिसातून आल्यावर रात्री अर्ध्या तासात मॅक्रो लिहिला. एकेक ओळ बघायची, शेवटच्या सेलची व्हॅल्यू शून्य असेल तर ते नाव दुसऱ्या शीटवर न्यायचं. मॅक्रो चालला. एकही एरर आला नाही. यादी तयार झाली.

मुलं ती यादी घेऊन एका कार्यालयात गेली. तिथल्या साहेबांनी यादीतली तीन नावं निवडली आणि संगणकावर तपासली. दोघांच्या खात्यात पैसे जमा झालेले होते. तिसऱ्याबद्दल मुलांनाच सांगता येईना, कारण त्याच्या घराला त्या दिवशी कुलूप होतं. साहेबांनी यादी परत दिली आणि म्हणाले, "आधी नीट विचारून या."

ते चुकीचं बोलले नव्हते. ज्या घरांना कुलूप होतं, जिथे आईला रक्कम आठवत नव्हती, जिथे फॉर्म अर्धा भरून राहिला होता, तिथे मुलांनी प्रामाणिकपणे रकाना रिकामा सोडला होता. माझ्या मॅक्रोने त्या प्रत्येक रिकाम्या सेलला शून्य मानलं.

पण त्या यादीत नववीतली एक मुलगी होती. तिचं बँक खातं आधारशी जोडलेलं नव्हतं, म्हणून तिचे पैसे खरोखरच आले नव्हते. तिचं शून्य खरं होतं. आमच्या खोट्या शून्यांच्या गर्दीत ते हरवलं. आम्ही दुरुस्त यादी घेऊन पुन्हा जाईपर्यंत काही महिने गेले. खातं जोडलं गेलं, पण त्या वर्षाची मुदत संपली होती.

आता चूक नेमकी कुठे होती ते पाहू.

एक्सेलच्या मॅक्रोची भाषा व्हीबीए. त्यात पूर्ण रिकाम्या सेलची व्हॅल्यू विचारली की 'एम्प्टी' नावाची एक खास किंमत मिळते. ती आकडाही नसते आणि मजकूरही नसते. पण तिचा स्वभाव फार मऊ आहे. तुम्ही तिची तुलना शून्याशी केली तर ती म्हणते, हो, मी शून्य. रिकाम्या अवतरणचिन्हांशी केली तर म्हणते, हो, मी रिकामा मजकूर. जो विचारेल त्याच्या बाजूने ती होकार देते. म्हणून 'व्हॅल्यू शून्य आहे का' या प्रश्नाला खरं शून्यही हो म्हणतं आणि रिकामा सेलही हो म्हणतो.

दुसरा सापळा याहून गुपचूप आहे. आपण आधी 'लाँग' किंवा 'डबल' प्रकारचा व्हेरिएबल घेतो आणि सेलची व्हॅल्यू त्यात टाकतो. सेल रिकामा असेल तर व्हेरिएबलमध्ये शून्य जाऊन बसतं. त्यानंतर तो शून्य मुळात कुठून आला हे शोधायला कोणताही मार्ग उरत नाही. त्या व्हेरिएबलवर 'इझएम्प्टी' चालवलं तरी उत्तर कायम 'फॉल्स' येतं. म्हणून सेलची व्हॅल्यू आधी 'व्हेरिएंट' प्रकारात घ्या, तपासा, आणि मगच आकड्याच्या व्हेरिएबलमध्ये टाका.

तिसरा सापळा 'इझन्यूमेरिक'चा. अनेकांना वाटतं, हा आकडा आहे का एवढं विचारलं की काम झालं. पण रिकाम्या सेलसाठी 'इझन्यूमेरिक' 'ट्रू' म्हणतं. म्हणजे पहारेकऱ्यानेच दार उघडून दिलं.

चौथा सापळा सूत्रांचा. समजा सेलमध्ये असं सूत्र आहे, की माहिती नसेल तर काहीच दाखवू नको. सेल दिसायला रिकामा, पण आत सूत्र आहे आणि त्याचं उत्तर रिकामा मजकूर आहे. इथे 'इझएम्प्टी' 'फॉल्स' म्हणतं. ही व्हॅल्यू 'लाँग'मध्ये टाकायला गेलात तर 'टाइप मिसमॅच' येऊन मॅक्रो थांबतो. मला विचाराल तर थांबणारा मॅक्रो परवडतो. न थांबता खोटं सांगणारा परवडत नाही.

याच्या उलटही होतं. एका शीटवरचा रिकामा सेल दुसऱ्या शीटवर 'बरोबर' चिन्ह टाकून आणला, किंवा 'व्हीलूकअप'ने शोधून आणला, तर तिथे शून्य दिसतं. मॅक्रो लिहिलाच नसेल तरीही रिकाम्याचं शून्य झालेलं असतं. आणि एक्सेलच्या सेटिंगमध्ये शून्य न दाखवण्याची सोय आहे. ती कुणी वापरली असेल तर खरं शून्य रिकामं दिसतं. म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. सेलवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये काय आहे ते बघा.

मग तपासायचं कसं? मी आता प्रत्येक सेलला ठरलेल्या क्रमाने प्रश्न विचारते. क्रम बदलला की घोटाळा होतो. पहिला प्रश्न, सेलमध्ये एरर आहे का? त्यासाठी 'इझएरर'. हा प्रश्न आधी विचारला नाही तर पुढच्या तुलनेत मॅक्रो कोसळतो. दुसरा, सेल खरोखर रिकामा आहे का? त्यासाठी 'इझएम्प्टी'. तिसरा, 'ट्रिम'ने मोकळ्या जागा काढल्यावर काही उरतं का? कुणीतरी स्पेस बार दाबून पुढे गेलेलं असतं. वेबपानावरून कॉपी केलेल्या मजकुरात एक वेगळी, न तुटणारी स्पेस येते. तिचा क्रमांक १६०. ती 'ट्रिम'ने जात नाही, आधी 'रिप्लेस'ने काढावी लागते. चौथा, जे उरलं तो आकडा आहे का? इथे 'इझन्यूमेरिक'. आणि सगळ्यात शेवटी पाचवा, तो आकडा शून्य आहे का? माझ्या पहिल्या मॅक्रोत मी हा पाचवा प्रश्न सर्वांत आधी विचारला होता, आणि तो एकच विचारला होता.

आपल्या मराठी कामात आणखी दोन अडचणी येतात. 'व्हॅल' नावाचं फंक्शन मजकुरातून आकडा काढतं. पण ते देवनागरी अंक ओळखत नाही. मजकूर म्हणून '१२००' लिहिलं असेल तर 'व्हॅल' शून्य देतं. 'नाही' लिहिलं असेल तरी शून्य, नुसती आडवी रेघ असेल तरी शून्य. इंग्रजी अंकांत बाराशे लिहून मधे स्वल्पविराम दिला असेल तर ते स्वल्पविरामापाशी थांबतं आणि एक देतं. बाराशेचा एक रुपया! म्हणून सर्वेक्षणाच्या आकड्यांसाठी 'व्हॅल' वापरूच नका. आकडे इंग्रजी अंकांतच भरायचे असं आधी सर्वांना सांगा, आणि डेटा व्हॅलिडेशन लावून सेलमध्ये आकड्याशिवाय काही जाऊच देऊ नका.

दुसरी अडचण मॅक्रोच्या एडिटरची. तिथे मराठी अक्षरं टाइप केली की प्रश्नचिन्हं दिसतात. 'रक्कम माहीत नाही' असा शेरा ओळखायला मॅक्रोत मराठी शब्द लिहायला जाल तर जमणार नाही. शेरे एका वेगळ्या शीटवर ठेवा आणि मॅक्रोला तिथून वाचायला लावा. किंवा त्याहून सोपं म्हणजे शेऱ्यांना क्रमांक द्या. त्या क्रमांकांकडे मी पुन्हा येते.

आता सरासरीचं बघू. पाच मुलं घ्या. दोघांना हजार-हजार रुपये मिळाले, एकाला शून्य, दोघांचे सेल रिकामे. एक्सेलचं 'अ‍ॅव्हरेज' रिकामे सेल सोडतं आणि शून्य धरतं. दोन हजार भागिले तीन, म्हणजे ६६७ रुपये. पण मी मॅक्रोत लूप लावून बेरीज केली आणि ओळींच्या संख्येने भागलं तर दोन हजार भागिले पाच, म्हणजे ४०० रुपये. शीट तेच, मुलं तीच. एक कार्यकर्ता ६६७ सांगेल, दुसरा ४००, आणि समोरचा माणूस दोघांनाही खोटं ठरवेल. ६६७ हा आकडा तीन मुलांचा आहे. तो तसाच सांगितला पाहिजे: पाचपैकी तिघांची माहिती मिळाली, त्यांची सरासरी ६६७. अहवालात सरासरी लिहिली की किती जणांची ते शेजारी लिहायचं, हा नियम पाळा.

मोठ्यांकडूनही असं होतं. २०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी देशांवरचं कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर एक निबंध लिहिला. सरकारी खर्चकपातीच्या बाजूने तो अनेक देशांत दाखवला गेला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी त्यांची एक्सेल फाइल तपासत होता. त्याला दिसलं, की सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी घेतल्याच गेल्या नव्हत्या. निबंधावर इतरही आक्षेप होते, पण ही चूक लेखकांनी मान्य केली. 'अ‍ॅव्हरेज' तक्रार करत नाही. जे दिलं त्याची सरासरी ते काढतं. किती देश धरले हे त्या आकड्याशेजारी लिहिलेलं असतं तर ती चूक लवकर दिसली असती.

शून्य आणि रिकामं यांतला फरक मला इंजिनीअरिंगला नीट कुणी शिकवला नव्हता. तो अब्बांना माहीत होता. अब्बा वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहायचे. हमालांच्या हजेरीच्या वहीत ते दोन वेगळ्या खुणा करायचे. माणूस आला पण त्या दिवशी गाडीच लागली नाही, तर शून्य. माणूस आलाच नाही, तर आडवी रेघ. आणि ज्या दिवशी अब्बा स्वतः सुट्टीवर असत, त्या दिवसाची जागा कोरी. कार्यालयातून यादी परत आली तेव्हा मी त्यांना फोनवर सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बेटा, पूछा नै और मिला नै, ये दो अलग बातां हैं."

आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. समजा तुम्ही जिल्हावार तक्ता केलात आणि १९९१ च्या जनगणनेच्या रकान्यात हिंगोलीसमोर काहीच नाही. तिथे मॅक्रोने शून्य भरलं तर अर्थ काय होईल? १९९१ साली इथे कुणीच राहत नव्हतं, असा. माणसं होती, पण मोजणी परभणीच्या नावाखाली झाली होती.

पावसाचं तसंच आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की त्या महसूल मंडळात अतिवृष्टी धरली जाते. पंचनामे आणि मदतीच्या कामात ही नोंद महत्त्वाची असते. एखाद्या मंडळातलं यंत्र त्या दिवशी बंद असेल तर नोंद रिकामी राहायला हवी. तिथे शून्य गेलं, तर पावसात सोयाबीन वाहून गेलेल्या शेतकऱ्याला कागद सांगेल, की तुमच्याकडे पाऊसच पडला नाही. रिकाम्या नोंदीबद्दल प्रश्न विचारता येतो. शून्याने प्रश्नच मिटतो.

म्हणून मी तेव्हापासून फॉर्ममध्ये एकाऐवजी दोन रकाने ठेवते. पहिल्यात स्थितीचा क्रमांक. १ म्हणजे मिळाली. २ म्हणजे विचारलं, मिळाली नाही. ३ म्हणजे विचारता आलं नाही. ४ म्हणजे सांगायची इच्छा नाही. ५ म्हणजे लागू नाही. दुसऱ्यात रक्कम. स्थिती १ असेल तर रक्कम हवीच, २ असेल तर शून्य, ३, ४ आणि ५ ला रकाना रिकामाच. मॅक्रोचं पहिलं काम म्हणजे हे दोन रकाने एकमेकांशी जुळतात का ते बघणं, आणि न जुळणाऱ्या ओळी पिवळ्या करणं. यादी काढणं त्यानंतर. काही जण 'माहीत नाही' साठी रकमेच्याच रकान्यात ९९ किंवा ९९९ लिहितात. तसं करू नका, ते ९९ उद्या बेरजेत जाणार.

'लागू नाही' हा क्रमांक विसरू नका. सातवीतल्या मुलाला केंद्राची ही शिष्यवृत्ती आता मिळतच नाही. त्याच्यासमोर शून्य लिहिलं तर ती कार्यालयाची दिरंगाई वाटेल. ती दिरंगाई नाही, तो धोरणातला बदल आहे. दिरंगाईसाठी अर्ज करायचा असतो. धोरणाबद्दल वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या भाषेत बोलावं लागतं.

आता मॅक्रोचा काहीही दोष नसलेल्या शून्याबद्दल सांगते. त्याच सर्वेक्षणात 'आईचं मासिक उत्पन्न' असाही एक रकाना होता. पानंच्या पानं शून्य. मी विचारलं, एवढी शून्यं कशी? एक मुलगा म्हणाला, "ताई, दारात वडील होते. ते म्हणाले ती घरीच असते. मी शून्य लिहिलं." आम्ही काही घरांत पुन्हा गेलो. या वेळी मुलींना पाठवलं आणि आईशीच बोलायला सांगितलं. कुणी शिवणकाम करत होती, कुणी हंगामात हळद निवडायला जात होती, कुणी दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटत होती. ही शून्यं व्हीबीएने केली नव्हती. ती आपण दारात उभं राहून केली होती. ज्या बाईला विचारलंच नाही, तिच्यासमोर शून्य लिहायचा अधिकार आपल्याला नाही. तिथे क्रमांक ३ लिहायचा आणि पुन्हा जायचं.

आपल्याबद्दलची माहिती नीट गोळा होत नाही, असं आपण नेहमी म्हणतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही सामाजिक-धार्मिक गटांच्या माहितीसाठी राष्ट्रीय माहितीपेढी हवी अशी शिफारस होती. ती मागणी योग्यच आहे. पण आपण स्वतः माहिती गोळा करायला निघतो, तेव्हा इतरांकडून जी काळजी मागतो ती आपल्या फाइलमध्ये दिसली पाहिजे. आपल्या यादीतली तीन नावं कुणीही, कधीही तपासली तर ती तिन्ही बरोबर निघाली पाहिजेत.

शेवटी एक जुनी गोष्ट. संस्कृतात शून्य म्हणजे रिकामं. अरबीत सिफ्र म्हणजेही रिकामं. त्याचाच आपल्या घरातला सिफर झाला. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये शून्याने बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम लिहिले. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मीने या भारतीय अंकांवर पुस्तक लिहिलं, आणि पुढे ते अंक युरोपात गेले. आज आपण अल्गोरिदम म्हणतो तो शब्द त्याच्याच नावावरून आला. शब्दाचा अर्थ रिकामं असा असला तरी या माणसांनी शून्याला एक संख्या म्हणून वागवलं. ते मोजून आलेलं उत्तर आहे. न मोजलेल्या जागी ते ठेवायचं नाही.

आता चहानंतर आपण प्रत्यक्ष काम करू. प्रत्येकाने आपल्या सर्वेक्षणाची फाइल उघडा. कोणत्याही एका रकान्यावर तीन सूत्रं लावा: 'काउंट', 'काउंटब्लँक' आणि शून्यासाठी 'काउंटइफ'. 'काउंटइफ'ला शून्य शोधायला सांगितलं तर ते रिकामे सेल मोजत नाही, त्यामुळे खरी शून्यं वेगळी कळतील. 'काउंट' आणि 'काउंटब्लँक' यांची बेरीज एकूण ओळींइतकी आली नाही, तर कुठेतरी आकड्याच्या जागी मजकूर किंवा एरर बसला आहे. तो शोधून काढा. नंतर शून्य लिहिलेल्या दहा ओळी निवडा आणि ज्याने ती नोंद केली त्याला विचारा: हे तू विचारून लिहिलंस का?

उत्तर 'नाही' आलं तर लाजू नका. क्रमांक ३ लिहा आणि रविवारी त्या घरी पुन्हा जा.